मोटारसायकल शिकताना : पहिले तीस दिवस

महाराष्ट्रात मोटारसायकल ही एके काळी अपूर्वाईची वस्तू होती. १९७० च्या दशकात साऱ्या गावात मिळून एखादी ‘राजदूत’ किंवा ‘येझदी’ असे आणि शहरातील नोकरदारास स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९८५ साली थोड्या पेट्रोलात दूरवर जाणारी शंभर सी.सी.ची चार-स्ट्रोक मोटारसायकल आपल्या बाजारात आली आणि हळूहळू चित्र पालटले. आज बाजार समितीकडे निघालेला शेतकरी, वाडीवस्तीवर लसीकरणासाठी जाणारी परिचारिका, औद्योगिक वसाहतीतील पाळीचा कामगार, तालुक्याच्या महाविद्यालयात जाणारी विद्यार्थिनी या सर्वांचा दिवस दुचाकीवरच सुरू होतो.

दुचाकी अशी घरोघरी पोहोचली. तिचे शिक्षण मात्र त्या गतीने पोहोचले नाही. चारचाकी शिकावयाची म्हटली की मनुष्य मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा रस्ता धरतो. मोटारसायकल शिकविण्याचे काम मात्र थोरला भाऊ, मामा, नाही तर गल्लीतील मित्र करतो आणि तेही बहुधा एका संध्याकाळी. गाडी सुरू झाली, पहिला गिअर पडला, दोन-तीन फेऱ्या न पडता झाल्या, की शिक्षण पूर्ण झाले असे मानले जाते. यात शिकविणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्याला स्वतःलाही कोणी याहून अधिक शिकविलेले नसते, एवढेच.

या उणिवेची किंमत केवढी आहे हे केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालावरून ध्यानात येते. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. महाराष्ट्रापुरता त्या वर्षातील एकूण मृतांचा आकडा १५,२२४ इतका होता. या सर्व अपघातांचे खापर शिक्षणाच्या अभावावर फोडता येणार नाही. रस्त्यांची अवस्था, अवजड वाहने, इतरांचा बेदरकारपणा ही कारणे आहेतच. परंतु दुचाकीस्वाराच्या भोवती पत्र्याचा पिंजरा नसतो. इतरांची चूकही त्याच्याच अंगावर येते आणि म्हणून त्याला इतरांहून अधिक शिकून रस्त्यावर उतरावे लागते.

त्यासाठी लागणारी सवड कायद्याने दिलेली आहे. शिकाऊ परवाना मिळाल्यानंतर किमान तीस दिवस लोटल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. हे तीस दिवस पुष्कळजण निव्वळ प्रतीक्षेत घालवितात. वस्तुतः ते अभ्यासाचे आहेत. औपचारिक शाळा हाताशी नसली तरी घरच्या घरी, एका मोकळ्या मैदानावर आणि एका संयमी शिक्षकाच्या सोबतीने हा अभ्यास उत्तम रीतीने करता येतो. तो कसा करावा, याचा येथे विचार करावयाचा आहे.

परवाना आधी, मैदान नंतर

प्रथम कायद्याची बाजू पाहू. गिअरची मोटारसायकल चालविण्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना केवळ ५० सी.सी.पर्यंतच्या वाहनापुरता असतो आणि तशी वाहने आता क्वचितच दृष्टीस पडतात. मुलगा दहावी झाला म्हणून हौसेने त्याच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकांनी मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेली सुधारणा अवश्य माहीत करून घ्यावी. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

शिकाऊ परवान्यासाठी वाहतुकीच्या चिन्हांची व नियमांची एक छोटी परीक्षा द्यावी लागते. हा परवाना सहा महिने चालतो. ‘मैदानावर तर शिकायचे, त्याला परवाना कशाला?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. कायद्यातील सार्वजनिक स्थळाची व्याख्या बरीच व्यापक आहे. जेथे लोकांना येण्याजाण्याचा हक्क आहे अशी जागा तीत येते. तेव्हा शाळेचे पटांगण असो वा बाजाराचे आवार, पहिल्या दिवसापूर्वीच शिकाऊ परवाना खिशात असावा हे श्रेयस्कर.

शिकाऊ चालकाच्या गाडीवर पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात इंग्रजी ‘एल’ हे अक्षर लावावयाचे असते. ही पाटी अठरा सेंटिमीटर चौरस असावी आणि अक्षराची उंची दहा सेंटिमीटरांहून कमी नसावी, असे नियम सांगतो. नंबर प्लेटच्या कोपऱ्यात खडूने ओढलेली रेघ म्हणजे ही पाटी नव्हे. रस्त्यावर शिकताना पक्का परवाना असलेला शिक्षक सोबत हवा आणि त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणासही मागे बसविता येत नाही. शिकाऊ परवान्यावर मित्राला मागे घेऊन महाविद्यालयात जाणे हा नियमभंग आहे आणि अपघात घडल्यास विम्याच्या दाव्यातही त्यामुळे अडचण उभी राहू शकते.

अंगावर काय, पायात काय

नवी गाडी घेताना लाखभर रुपये मोजणारा ग्राहक हेल्मेट घेताना रस्त्याकडेच्या ढिगातून सर्वांत स्वस्त नग उचलतो, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. हेल्मेट कसे काम करते हे समजले तर असे घडणार नाही. बाहेरचे टणक कवच आघात विस्तृत जागेवर पसरविते. परंतु मुख्य काम आतल्या थर्मोकोलसारख्या जाड थराचे असते. आघाताच्या क्षणी तो थर चेपतो आणि चेपण्यात आघाताची ऊर्जा खर्ची पडते. म्हणून डोके एकदम थबकत नाही, मेंदूला बसणारा धक्का कमी होतो. नुसते प्लॅस्टिकचे टोपले आणि आत फडके, अशा वस्तूत हा थरच नसतो. शिवाय एकदा चेपलेला थर पूर्ववत होत नाही. सबब, मोठा आघात सोसलेले हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसले तरी ते बदललेच पाहिजे.

१ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी भारतीय मानक ४१५१ नुसार प्रमाणित, म्हणजे आय.एस.आय. चिन्ह असलेलीच हेल्मेटे विकता येतात. चिन्ह पाहावेच, पण मापही पाहावे. हेल्मेट घालून पट्टा न लावता ते डावी-उजवीकडे हलवावे. कपाळाची कातडी त्याबरोबर हलली तर माप योग्य, हेल्मेट एकटेच फिरले तर मोठे. पट्टा हनुवटीखाली इतका घट्ट असावा की दोन बोटेच आत जातील. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच हिसक्यास उडून जाते. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे देशात दगावली. त्यांत १४,३३७ मागे बसलेली होती. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात हेल्मेटसक्तीला अनेकदा विरोध झाला. मान अवघडते, ऐकू येत नाही, केस जातात अशी कारणे त्यासाठी पुढे करण्यात आली. या आकड्यांपुढे ती टिकत नाहीत.

बाकी पोशाख साधाच, पण विचारपूर्वक असावा. पूर्ण बाह्यांचा सदरा, जाड कापडाची विजार, घोटा झाकणारे बूट आणि शक्य तर हातमोजे. पडताना मनुष्य नकळत हात पुढे करतो आणि पहिल्यांदा सोलवटतो तो तळवा. चपलेत गिअर टाकता येतो, परंतु घाईने पाय टेकताना चप्पल निसटते. मुलींनी ओढणीची टोके बांधून घ्यावीत. ती चाकात अथवा चेनमध्ये अडकून झालेले अपघात फार भीषण असतात.

पायाखालची गाडी

शिकण्यासाठी हलकी गाडी निवडावी. शंभर ते एकशेदहा सी.सी.ची मोटारसायकल साधारणतः ११० किलोच्या आसपास भरते. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीस नीट टेकले पाहिजेत. थोरल्या भावाची जड, धडधडणारी गाडी कितीही मोहक वाटली तरी ती पहिल्या महिन्याची नव्हे. ज्यास सायकल येते त्याचे निम्मे काम आधीच झालेले असते. ज्यास ती येत नाही त्याने, वय काही असो, प्रथम आठ दिवस सायकलवर तोल शिकून घ्यावा. गिअर नसलेली अथवा विजेवर चालणारी स्कूटर शिकणाऱ्यास पुढील क्लचचा भाग वगळता येईल. बाकीचे सर्व तिलाही लागू आहे.

पहिल्या दिवशी इंजिन सुरूच करू नये. हा सल्ला ऐकून तरुण मंडळी हिरमुसतात, परंतु यासारखा दुसरा लाभदायक तास नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून तिच्या डाव्या बाजूने चालत ती ढकलत न्यावी, वळवावी, मागे घ्यावी, डबल स्टँडवर चढवावी व उतरवावी. ढकलताना पुढचा ब्रेक हळूच दाबून गाडी कशी थांबते ते पाहावे. गाडीचे वजन कोणत्या कलापर्यंत आपण पेलू शकतो आणि कोठून ते हाताबाहेर जाते, हे या ढकलण्यात कळते. मग बसून क्लच, ब्रेक, गिअर, इंडिकेटर, हॉर्न व डिपर हे सर्व न पाहता हाताशी येईपर्यंत चाचपावे. गिअरची रचना सर्व गाड्यांत सारखी नसते. काहींत पहिला गिअर खाली दाबून व बाकीचे वर उचलून पडतात, तर काहींत सर्वच पुढे दाबून पडतात. दुसऱ्याची गाडी हाती घेताना हे आधी विचारून घ्यावे.

याच दिवशी निघण्यापूर्वीच्या तपासणीची सवय लावावी. दोन्ही चाकांतील हवा, दोन्ही ब्रेक, मागचा लाल दिवा ब्रेकबरोबर उजळतो की नाही, चेन सैल पडली आहे काय, आणि शेवटी साइड स्टँड वर आहे ना. उघडा राहिलेला साइड स्टँड डाव्या वळणावर रस्त्याला टेकतो आणि गाडी उचलून फेकतो. समोरून येणारा अनोळखी माणूस ‘स्टँड, स्टँड’ म्हणून ओरडतो, तो मोठाच उपकार करीत असतो.

क्लच

मैदान सपाट, टणक व कोरडे असावे. मुरूम विस्कटलेले नसावे. शाळा सुटल्यानंतरचे पटांगण किंवा बाजार नसलेल्या दिवशीचे बाजाराचे आवार, तेथील जबाबदार व्यक्तीची परवानगी घेऊन वापरता येते. या टप्प्यात शिक्षकाने मागे बसू नये. मागचे वजन तोल बिघडविते व शिकणाऱ्यास स्वतःच्या चुकीचा अर्थ कळत नाही. त्याने बाजूने चालत राहावे आणि सूचना थोड्या शब्दांत द्याव्यात. ओरडण्याने बोटे आवळली जातात, आणि आवळलेल्या मुठीत ॲक्सिलरेटर असतो!

क्लच म्हणजे इंजिन व मागचे चाक यांमधील जोड. लिव्हर दाबला की जोड सुटतो. सोडत गेले की एका जागी इंजिनाचा आवाज किंचित जड होतो व गाडी पुढे सरकू पाहते. ती जागा बोटांना ओळखता आली की अर्धी मोटारसायकल आली. त्यासाठी पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, लिव्हर त्या जागेपर्यंत सोडावा, गाडी वीतभर सरकली की पुन्हा दाबावा. हे वीस-पंचवीस वेळा करावे. बंद पडली तर पडू द्यावी. नवशिक्याची गाडी बंद पडते तेव्हा क्लच झटकन सुटलेला असतो. आणि ती उसळून पळते तेव्हा क्लचबरोबर रेसही अधिक दिलेली असते. म्हणून गोंधळ उडाला की प्रथम क्लच दाबावा, हे एक वाक्य शिक्षकाने पहिल्या दिवसापासून बिंबवावे. क्लच दाबलेली गाडी इंजिनाच्या जोरावर पळू शकत नाही.

आधी थांबणे

यापुढील पायरीवर आपल्या घरगुती शिक्षणाची सर्वांत मोठी चूक घडते. वीस मीटर सरळ जाता आले की लगेच दुसरा गिअर, तिसरा गिअर, मैदानाला फेरी, असा क्रम सुरू होतो. थांबणे मात्र आपोआप येईल असे गृहीत धरलेले असते. ते आपोआप येत नाही. आणि त्यात भर म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक उपदेश केला जातो : ‘पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटशील.’

हा उपदेश सायकलच्या जमान्यातून आलेला असावा. त्यात तथ्याचा अंश आहे, तो असा की एकदम आवळलेला पुढचा ब्रेक खरोखरच पाडतो. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष घातक आहे. गाडी थांबू लागली की तिचे व स्वाराचे वजन पुढे झुकते. एस.टी. बसने ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे झुकतात, तसेच हे. परिणामी पुढचे चाक रस्त्यावर अधिक दाबले जाते व त्याची पकड वाढते. मागचे चाक हलके होते व त्याची पकड घटते. म्हणजे थांबविण्याची शक्ती ज्या चाकात निर्माण होते, तोच ब्रेक न लावण्याची शिकवण आपण देत आलो. केवळ मागच्या ब्रेकवर विसंबलेला स्वार संकटाच्या वेळी त्यावर उभाच राहतो. हलके झालेले मागचे चाक जाम होऊन घसरते, गाडी आडवी होते आणि थांबण्यास लागणारे अंतर तर कितीतरी वाढते.

योग्य रीत अशी : गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकाच वेळी लावावेत. पुढचा ब्रेक बोटांनी प्रथम हलका धरावा, वजन पुढे आल्याचे जाणवले की क्रमाने आवळत न्यावा. लिंबू पिळताना जोर जसा वाढवीत नेतो, तसा. हिसका नको. थांबण्याच्या शेवटच्या क्षणी क्लच दाबावा, डावा पाय टेकावा व उजवा पाय मागच्या ब्रेकवर तसाच राहू द्यावा. ताशी दहा किलोमीटर वेगाने हे जमले की वीस, मग तीस. जमिनीवर एक खूण करून तिच्यापाशीच थांबण्याचा सराव करावा. पहिल्या पंधरवड्यात हा सराव रोज दहा-पंधरा वेळा व्हावा, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे सांगणे आहे. वाळू, ओला चिखल किंवा सुटी खडी असेल तेथे पुढचा ब्रेक अगदी हलक्या हाताने वापरावा आणि वळणात असताना कोणताही ब्रेक जोराने लावू नये. वेग वळणाच्या आधीच कमी झालेला असावा.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.हून मोठ्या नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी ए.बी.एस. ही यंत्रणा आणि त्याखालील गाड्यांना एका ब्रेकबरोबर दुसराही काही प्रमाणात लावणारी सी.बी.एस. यंत्रणा बंधनकारक झाली आहे. या सोयी निःसंशय उपकारक आहेत. परंतु घरातील जुन्या गाडीत त्या असतीलच असे नाही, आणि शिकणे बहुधा जुन्या गाडीवरच होते.

थांबण्याचे गणित एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद जातो आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक चांगले लागतात, असे धरू. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी त्या एका सेकंदात सुमारे ८ मीटर जाते व त्यापुढे ७ मीटरांत थांबते. एकूण १५ मीटर. ताशी ६० वर हेच आकडे १७ व २८ असे होतात. एकूण ४५ मीटर, म्हणजे एकापाठोपाठ उभ्या केलेल्या चार एस.टी. गाड्यांएवढे अंतर. वेग दुप्पट केला, पण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट झाले. रस्ता ओला असेल, स्वार थकलेला असेल, नजर मोबाइलवर असेल, तर हे आकडे याहून वाढतात. म्हणून पुढील वाहनापासूनचे अंतर मोजण्याची सोपी युक्ती लक्षात ठेवावी. पुढचे वाहन एखाद्या विजेच्या खांबाला ओलांडताच सावकाश एक, दोन, तीन मोजावे. तीन मोजून होण्याआधी आपण त्या खांबाशी पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात हे अंतर दुप्पट ठेवावे.

नजर जाईल तिकडे गाडी

वळण्याचे शिक्षण मानेपासून सुरू होते. नवशिका पुढच्या चाकाकडे पाहतो आणि चाक डगमगू लागते. जेथे जावयाचे तेथे मान वळवून पाहिले की हात आपोआप तसे वागतात. खड्डा चुकविताना खड्ड्याकडेच टक लावून पाहणारा नेमका त्यातच जातो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. खड्ड्याच्या बाजूच्या वाटेकडे पाहावे. संथ वळणात क्लच अर्धवट दाबलेला, रेस स्थिर आणि मागचा ब्रेक किंचित लावलेला, अशी तिहेरी जुळणी लागते. पुढचा ब्रेक येथे वापरू नये. वेगातील वळणाचा नियम निराळा आहे. डावीकडे वळताना डाव्या मुठीवर पुढे हलका दाब दिला की गाडी डावीकडे झुकते व वळते. वाचताना हे उलटे वाटते; पण सायकलस्वारही नकळत हेच करीत असतो.

प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या चाचणीतील आठचा आकडा या संथ वळणांचीच परीक्षा आहे. पाय न टेकता तो काढता आला पाहिजे हे खरे, परंतु महिनाभर केवळ आठच गिरवीत बसणे म्हणजे प्रश्नपत्रिका पाठ करण्यासारखे आहे. पाठ केलेला आठ परवाना मिळवून देतो; पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक लावला तर तो उपयोगी पडत नाही.

रस्त्यावर

तिसऱ्या आठवड्यात, दोन्ही ब्रेकने खुणेपाशी थांबता येऊ लागल्यावर, रस्त्यावर उतरण्यास हरकत नाही. वेळ पहाटेची, वाहने विरळ असतानाची घ्यावी. प्रथम डावी वळणे, मग उजवी, त्यानंतर चौक. उजवे वळण हे आपल्याकडील सर्वांत जोखमीचे काम आहे. आरशात पाहावे, इंडिकेटर द्यावा, मान वळवून उजव्या खांद्यावरून एक नजर टाकावी आणि मगच मध्याकडे सरकावे. आरशात न दिसणारी मोटार खांद्यावरून पाहिल्यावर दिसते.

रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने जाणे सुरक्षित, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात तेथे वाळू साचलेली असते, डांबर व साइडपट्टी यांमध्ये पायरी असते आणि उभ्या मोटारीचे दार केव्हा उघडेल याचा नेम नसतो. कडेपासून थोडे आत, दोन्ही बाजूंना सरकण्यास जागा राहील असे चालावे. एस.टी. बस किंवा ट्रक यांच्या शेजारून रेंगाळत जाऊ नये. त्यांच्या आरशात चालकाचा चेहरा आपणास दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही. चौकात डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या बाजूस शिरणे तर कटाक्षाने टाळावे.

यापलीकडे आपल्या मुलखाचे म्हणून काही धोके आहेत, ते कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाहीत. सुगीत रस्त्यावर वाळत घातलेले धान्य अथवा मळणीसाठी पसरलेली कणसे चाकाखाली गोट्यांसारखी घरंगळतात. साखर कारखान्यांच्या हंगामात अंधाऱ्या रस्त्यावर मागचा दिवा वा परावर्तक नसलेली उसाची ट्रॉली अचानक पुढ्यात येते. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातून रस्त्यावर आलेला काळा चिखल पहिल्या सरीबरोबर साबणासारखा होतो. घाटात चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावयाची असते, आणि उतरताना खालच्या गिअरवर इंजिनाच्या आधाराने उतरावयाचे असते. पेट्रोल वाचते म्हणून न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे बहाद्दर सर्व भार ब्रेकवर टाकतात, आणि तापलेले ब्रेक ऐनवेळी दगा देतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व समृद्धी महामार्ग यांवर दुचाकीस प्रवेशच नाही, हेही येथे सांगून ठेवणे इष्ट.

परवाना मिळाल्यानंतर

चाचणी उत्तीर्ण झाल्यावर दोन गोष्टी शिल्लक राहतात : पाऊस आणि रात्र. दोन्ही एकदम अंगावर घेऊ नयेत. पावसाळ्याच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल व धूळ वर येऊन निसरडा थर तयार होतो. तासभर थांबता आल्यास थांबावे. रंगविलेले पट्टे, लोखंडी झाकणे व रेल्वेचे रूळ ओले असताना त्यांवर ब्रेक लावू नये, वळू नये. रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडावेत. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली वरून कळत नाही. रात्री वेग इतकाच असावा की आपल्या दिव्याच्या झोतात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल. वर दिलेले मीटरांचे हिशेब येथे कामी येतात.

मागे माणूस बसविण्याची घाई करू नये. बसविल्यावर गाडी सावकाश उचल घेते, थांबण्यास अधिक अंतर घेते आणि वळताना निराळी वागते. तेव्हा घरच्याच एखाद्या माणसास मागे घेऊन त्या जुन्या मैदानावर खुणेपाशी थांबण्याचा सराव पुन्हा एकदा करावा. मागच्यानेही हेल्मेट घालावयाचे आहे. दोघांहून अधिक माणसे नकोत. मागच्या स्वारासाठी धरावयाची मूठ, पायदाण आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे साडीगार्ड हे नियमाने आवश्यक आहेत. शोभेसाठी साडीगार्ड काढून टाकणाऱ्यांनी त्या जागी आपली आई किंवा बहीण बसणार आहे, हे लक्षात घ्यावे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलास नेताना त्याला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट असावे लागते व वेग ताशी ४० किलोमीटरांवर नेता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित झालेला हा नियम एका वर्षानंतर अमलात आला आहे. पेट्रोलच्या टाकीवर, वडिलांच्या दोन हातांमध्ये मूल बसविण्याची आपल्याकडील रीत त्यात बसत नाही.